गाढवपट्टी

नगरपालिकेत मला कुणी निवडून दिलं नव्हतं. नव्या कायद्यात एक जागा बाईसाठी ठेवलेली होती. लिहितावाचता येणारी, कुठल्याच पार्टीत नसलेली आणि जिच्या नवऱ्याची हरकत नाही अशी बाई शोधत मंडळी आमच्या दारापर्यंत आली. आमचे हे वकिलाकडे कारकून होते आणि मी घरी मुलींना शिवण शिकवत होते. अध्यक्ष स्वतः आले, सतरंजीवर बसले आणि सगळं बोलणं यांच्याशीच केलं.

"महिन्यातनं एक सभा. यायचं, चहा घ्यायचा, सही करायची. त्रास काडीचा नाही."

"त्यांना विचारायला पाहिजे," हे म्हणाले आणि स्वयंपाकघराकडं बघायला लागले. मी त्याच वेळी चहाचे कप घेऊन बाहेर आले. तोच माझा होकार समजण्यात आला.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. आमचा भाग आधी हैदराबाद राज्यात होता, मग मुंबई राज्यात गेला. राज्य बदललं तरी नगरपालिकेची कपाटं तीच होती. जुने कागद उर्दूत, नवे मराठीत आणि वरून येणारे हुकूम इंग्रजीत. या तिन्ही भाषा वाचता येणारा माणूस कचेरीत एकच, ते म्हणजे पेशकारसाहेब. कचेरीचे मुख्य कारकून. साठीला टेकलेले, काळी टोपी, पांढरीशुभ्र दाढी, कानावर टाक. सभेचा वृत्तांत तेच लिहीत. अध्यक्ष बदलत, पेशकारसाहेब बदलत नसत.

पहिल्या तीन सभांत मी चहा घेतला आणि सही केली. माझी खुर्ची इतरांपासून हातभर लांब, दाराजवळ ठेवलेली असे. म्हणजे मला मोकळेपणानं बसता यावं, असं सांगितलं होतं. खरं तर मी उठून गेले तरी कुणाच्या ध्यानात येऊ नये, अशी ती जागा होती.

चौथ्या सभेच्या आधीच्या रविवारी एक घटना घडली. रविवार आमचा बाजाराचा दिवस. खेड्यापाड्यातनं शेकडो बायका येत. भाजी, ज्वारी, कोंबड्या घेऊन दिवसभर उन्हात बसत. दुपारी एक पोटुशी बाई आमच्या ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. मी तिला आत घेतलं, तोंडावर पाणी मारलं, प्यायला दिलं. तर ती तांब्या लांब सारायला लागली.

"नको अक्का. पानी प्यालं की मग जायाचं कुठं?"

पहाटे घरून निघाल्यापासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. बाजारात बायकांना जायला जागाच नव्हती. तिच्याबरोबर आत आलेल्या एका म्हातारीनं सांगितलं की बाजाराच्या दिवशी सगळ्याच बायका असं करतात. मी त्या गावात बारा वर्षं नांदत होते, बाजारापासून दोनशे पावलांवर राहत होते, आणि मला हे माहीत नव्हतं. मला फार लाज वाटली.

म्हणून चौथ्या सभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, "बाजाराजवळ बायकांसाठी संडास बांधावेत."

सभागृहात अशी शांतता पसरली की बाहेर मोटारस्टँडवर कंडक्टर कुणाशी भांडतोय ते आत ऐकू येत होतं. एका सभासदानं कप खाली ठेवला. दुसऱ्यानं उपरणं झटकलं. बाईमाणसानं तो शब्द भर सभेत उच्चारला, हे पचायला मंडळींना वेळ लागत होता.

"बाई, हा विषय आज पत्रिकेवर नाही," अध्यक्ष छताकडं बघत म्हणाले.

"पुढच्या महिन्याच्या पत्रिकेवर घेता येतो साहेब," पेशकारसाहेब मान वर न करता म्हणाले. "तसं कलम आहे."

त्यांनी वृत्तांतात तो शब्द लिहिला नाही. 'बायकांची सोय' असं लिहिलं. तेव्हापासून नगरपालिकेत त्या कामाला 'सोय' म्हणायला लागले.

पुढच्या महिन्यात ठराव झाला. अध्यक्षांनी तो उदार मनानं मंजूर केला, कारण सरकारकडनं पैसे येणार नाहीत अशी त्यांची खात्री होती. अर्ज जिल्ह्याला गेला आणि काय चमत्कार झाला कोण जाणे, तीन महिन्यांत उत्तर आलं. सरकार निम्मा खर्च देईल. मात्र उरलेला निम्मा नगरपालिकेनं नव्या उत्पन्नातून उभा करावा आणि तसा ठराव सालअखेरच्या आत पाठवावा. नाहीतर ग्रँट रद्द.

"नवं उत्पन्न म्हणजे काय हो?" अध्यक्षांनी विचारलं.

"नवा कर, साहेब," पेशकार म्हणाले.

ती सभा मी जन्मात विसरणार नाही. पहिल्यांदा निघाला बैलगाड्यांवरचा कर. लगेच आडतवाले सभासद उभे राहिले. त्यांच्या सहा गाड्या होत्या. "गाडी म्हणजे शेतकऱ्याचे पाय. पायावर कर लावणार?" मग सायकलींना बिल्ला लावायचं निघालं, तर सायकल भाड्यानं देणारे सभासद म्हणाले की शाळेतली पोरं पायी चालून चालून अभ्यासात मागं पडतील. मग कुणीतरी हॉटेलांना परवाना फी लावा म्हणालं. स्टँडजवळच्या मोठ्या हॉटेलाचे मालक सभासद होते. ते उठले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"चहा," ते म्हणाले, "गरिबाचा आधार आहे. गरिबाच्या कपात हात घालू नका."

कुत्र्यांचं कुणी बोललं, पण अध्यक्षांच्या वाड्यात एक दांडगा कुत्रा होता, त्यामुळं तो आवाज मध्येच विरला. मी बघत होते. त्या दिवशी सभागृहात गरिबांची जेवढी काळजी वाहिली गेली तेवढी पुढं मी कधी बघितली नाही.

तेवढ्यात खिडकीखालनं धुण्याची गाठोडी लादलेलं एक गाढव गेलं. आडतवाल्यांची नजर त्याच्यावर पडली.

"गाढवं!" ते ओरडले.

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. सभागृहात एकाच्याही घरी गाढव नव्हतं. पाच मिनिटांत गाढवपट्टीचा ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमतानं म्हणते, कारण मीही हात वर केला. माझ्या डोळ्यांपुढं फक्त सोय होती. गाढवाच्या मागं माणूस चालत असतो, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

कर लावायच्या आधी गाढवांची आणि मालकांची यादी करायची, ती जाहीर करायची आणि महिनाभर हरकती मागवायच्या, असा नियम होता. "कर बाईंच्या सोयीसाठी आहे, तेव्हा मोजणी बाईंनीच करावी," हॉटेलवाले म्हणाले आणि सगळे हसले. त्यावरही ठराव झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि पेशकारसाहेब निघालो. त्यांच्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात रजिस्टर. आधी ओढ्यावर गेलो. तिथं परीटवाड्यातली एक म्हातारी धुणं आपटत होती. आमच्या घरचे कपडेही तीच धुवायची. शेजारी तिचं गाढव उभं होतं.

"मावशी, हे गाढव तुमचं ना?"

"कुठलं?"

"हे काय, तुमच्या शेजारी उभं आहे ते."

म्हातारीनं वळून गाढवाकडं अशा नजरेनं बघितलं, जणू ते आत्ताच आभाळातनं उतरलं होतं.

"न्हाय बा. ते पाव्हणं हाय."

"पाहुणं?"

"जळकोटच्या माज्या भावाचं. आलंय चार दिस हवापालटाला."

"मग पाहुण्याच्या पाठीवर गाठोडी कशी काय?"

"आता आलेलं पाव्हणं काय हातावर हात ठिवून बसतंय का अक्का? चार कामं करू लागतंयच की."

ठरावाची बातमी आमच्या आधी ओढ्यावर पोचली होती. तिथल्या प्रत्येक गाढवाचा मालक परगावी निघाला. कुंभारवाड्यात गेलो तर एका कुंभारानं सांगितलं की त्याचं गाढव त्यानं मागंच भूमच्या बाजारात विकलं.

"मग हे दारात काय उभं आहे?"

"त्येला तिकडं करमंना. आपलं आपण आलं माघारी."

दुसरा म्हणाला, "कुणाचं हाय देवाला ठाऊक. रोज सकाळी दारात येऊन उभं ऱ्हातंय. म्या धरम म्हणून चारा टाकतो." गावाबाहेर दगड फोडणाऱ्यांच्या पालावर तर एका माणसानं आपल्या गाढवाची जातच नाकारली. ते घोडं होतं म्हणे, दुष्काळात आटलेलं.

पेशकारसाहेब टाक दौतीत बुडवून थांबले. "बाई, मालकाच्या रकान्यात काय लिहू?"

"काय लिहिता येईल?"

"पाहुणा असा शब्द नियमात नाही. 'मालक नामालूम' लिहितो."

संध्याकाळपर्यंत तीसेक गाढवं भरली आणि मालक एकही नाही.

चार दिवसांनी ती परटीण म्हातारी आमच्या घरी आली. मी मशीनवर बसले होते. ती उंबऱ्याबाहेर टेकली.

"अक्का, एक अर्ज लिवून द्या."

"कुणाच्या विरुद्ध?"

"तुमच्याच की."

पेशकार नगरपालिकेचेच नोकर असल्यामुळं असा अर्ज लिहू शकत नव्हते आणि बाजारातला अर्ज लिहिणारा पैसे मागत होता. मी कागद घेतला. म्हातारी सांगत गेली, मी लिहीत गेले. हाटेलवाल्याची भट्टी जळती, कमवती, तिला पट्टी न्हाय. गाडीवाल्याचे बैल कमवत्यात, त्यास्नी पट्टी न्हाय. माझं गाढव काय गुन्हा करून आलंय? मध्येच ती थांबली.

"ही पट्टी कशापायी म्हणं?"

मी सांगितलं. बाजारात बायकांसाठी संडास बांधायचेत. निम्मे पैसे सरकार देतंय, निम्मे या पट्टीतनं येतील.

तिनं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाली, "म्हंजी संडास माज्यासाठी, अन् पैसं बी माज्याच गाढवाचं. मग तुमी काय देताव?"

मी कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं अर्जावर अंगठा उठवला, पदर झटकला आणि गेली. मी परकराची शिवण घालायला घेतली, ती सगळी वाकडी गेली. संध्याकाळी यांना सांगितलं. हे म्हणाले, "प्रश्न कायदेशीर आहे. आमच्या वकिलालासुद्धा याचं उत्तर देता येणार नाही."

सभेत तो अर्ज वाचला गेला. अध्यक्ष म्हणाले, "अर्जदाराचं म्हणणं आहे की गाढव तिचं नाही. मग तिची हरकत कशाला?" हरकत नामंजूर. आता मालकच नाही तर पट्टी कुणाकडनं घ्यायची, हा पेच होता. तो हॉटेलवाल्यांनी सोडवला.

"मालक नाही म्हणजे बेवारस. बेवारस जनावर कोंडवाड्यात घालायचं. दोन दिवसांत मालक रडत येतात का नाही बघा!"

सगळ्यांना ते पटलं. मी नको म्हणाले. या वेळी माझा एकटीचा हात खाली होता. वृत्तांतात 'बहुमतानं मंजूर' असं आलं, एवढाच काय तो माझा पराक्रम.

कोंडवाडा म्हणजे मोकाट जनावरं अडकवायची चार भिंतींची जागा. ती होती स्टँडजवळ. तिची एक भिंत आमच्या कचेरीला लागून आणि दुसरी भिंत हॉटेलाला लागून. हे ठराव करताना कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, देव जाणे. एरवी तिथं एखादी चुकार म्हैस असे. आता तीस गाढवं आली.

दोन दिवस झाले, चार झाले. एकही मालक रडत आला नाही. म्हातारी धुण्याची गाठोडी डोक्यावर वाहू लागली. कुंभार मडकी खांद्यावरच्या कावडीतनं नेऊ लागले. हाल त्यांचेच होते, पण कुणी हूं की चूं केलं नाही. मी एकदा वाटेत म्हातारीच्या डोक्यावरचं गाठोडं धरायला गेले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. सवय व्हतीय."

मालक ओळखता यावेत म्हणून कोंडवाड्याच्या दारात एक शिपाई बसवला होता. जनावर ज्याला ओळखेल त्याला पकडायचं, असा त्याला हुकूम. म्हातारी रोज सकाळी गवताची पेंढी घेऊन यायची. शिपायाला म्हणायची, "बेवारस जनावराला घास टाकावा, पुण्य लागतंय." तिचा आवाज ऐकला की एक गाढव गर्दीतनं वाट काढत भिंतीशी यायचं आणि भिंतीवरनं मान बाहेर काढायचं. म्हातारी त्याच्याकडं पाठ करून उभी राहायची. गाढव तिचा पदर तोंडात धरून चघळायचं. ती समोर रस्त्याकडं बघत मोठ्यानं म्हणायची, "कुणाचं हाय गं बाई हे, वळख ना पाळख!" आणि हात मागं करून त्याचे कान खाजवायची. शिपाई हे सगळं बघत होता. पण त्याचेही कपडे तीच धुवायची. त्यानं रोज वहीत लिहिलं, 'ओळख पटली नाही.'

इकडं हॉटेलात वेगळाच तमाशा सुरू झाला. तुळजापूरहून देवीचं दर्शन घेऊन येणाऱ्या मोटारी तिथं चहाला थांबत. मोटार थांबली की ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, आणि हॉर्न वाजला की एक गाढव त्याला उत्तर द्यायचं. मग बाकीची. मळवट भरलेली भाविक मंडळी कप हातात घेऊन कावरीबावरी व्हायची. हॉटेलवाल्यांनी गिऱ्हाइकांसाठी नवा रेडिओ आणला होता. गाढवं ओरडली की ते रेडिओचा आवाज वाढवत, रेडिओ वाढला की गाढवं चढ्या सुरात जात. वास होता तो वेगळाच. आठ दिवसांत ड्रायव्हर मोटार पुढं नेऊन वळणावरच्या एका पत्र्याच्या टपरीपाशी थांबवू लागले.

आमच्या कचेरीतही तेच. सभेत अध्यक्ष "मंजूर?" असं विचारत आणि भिंतीपलीकडनं होकार येई.

त्या महिन्याच्या सभेत पेशकारसाहेबांनी एक टिपण वाचलं. कोंडवाड्यातल्या जनावरांना चारापाणी घालणं नगरपालिकेवर बंधनकारक आहे. गाढवांच्या चाऱ्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम नसल्यामुळं तूर्त हा खर्च 'बायकांची सोय' या खात्यातून केला जात आहे.

"म्हणजे बाईंची सोय गाढवं खातायत?" सायकलवाले म्हणाले.

"जी. आणि मुदत संपत आली आहे. मुदतीत मालक आला नाही तर लिलाव करावा लागतो."

"मग करा लिलाव!"

"आगाऊ पुकारा करून बघितला साहेब. कुणी बोली लावली नाही. आता मुदतीनंतर ही सगळी जनावरं नगरपालिकेच्या मालकीची होतील."

"होऊ देत," अध्यक्ष म्हणाले. "नगरपालिकेची मालमत्ता वाढली."

पेशकारसाहेबांनी चष्मा काढून पुसला. ते कधी हसत नसत, त्या दिवशीही हसले नाहीत. "मालमत्ता वाढेल साहेब. फक्त एक आहे. ठरावाप्रमाणं गाढवाच्या मालकानं पट्टी भरायची आहे. तेव्हा ती आपल्यालाच भरावी लागेल."

भिंतीपलीकडनं त्याच क्षणी होकार आला. अध्यक्षांनी सभा तहकूब केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलवाले सभासद आमच्या घरी आले. आतापर्यंत त्यांनी मला उद्देशून एक वाक्य उच्चारलं नव्हतं. काही सांगायचं झालं तर अध्यक्षांना म्हणत, "बाईंना सांगा." आज ते सतरंजीवर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, कायबी करा, पण ती गाढवं सोडा."

"पट्टी आहे तोवर ती सुटत नाहीत. तुमचाच ठराव आहे."

"मग पट्टी काढा की."

"पट्टी काढली तर ग्रँट जाते. तिच्या जागी दुसरा कर बसवायला पाहिजे."

"मग बसवा दुसरा!"

"कुठला?"

ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले. मी मशीन चालू केली आणि एक लांब शिवण घातली. दुसरी घातली.

"हाटेलाला परवाना फी लावली," ते अगदी हळू म्हणाले, "तर... माझ्या एकट्याला नका लावू. गावातल्या सगळ्यांना लावा."

"सगळ्यांनाच लागेल."

"वळणावरच्या त्या टपरीला बी?"

"टपरीला आधी."

त्यांचा चेहरा उजळला. टोपी डोक्यावर गेली. दारापर्यंत गेले आणि परत वळले. "अन् सायकलवाल्याला बी बिल्ले लावा. त्यो त्या दिशी लई हसत होता."

खास सभा बोलावली. हॉटेलवाले उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच्या तोंडानं हॉटेलांना परवाना फी सुचवली. कुणाचा विश्वास बसेना. पाठोपाठ त्यांनी सायकलींचा बिल्ला सुचवला. सायकलवाले ताडकन उठले. "आम्हाला बिल्ला, मग गाड्यांना का नको? रस्ते कोण खराब करतं?" आडतवाले लालबुंद झाले. "गाड्यांना लावता? लावा! मग वाड्यावाड्यातली कुत्री का फुकट भुंकतात?" हे म्हणताना ते अध्यक्षांकडं बघत नव्हते, पण बाकी सगळे बघत होते.

दहा मिनिटांत चार कर झाले. पेशकारसाहेबांचा टाक असा पळत होता की शाई त्यांच्या बाहीवर उडाली. सूचक, अनुमोदक, मंजूर. सूचक, अनुमोदक, मंजूर. प्रत्येक जण दुसऱ्यावर कर लावायला हात वर करत होता आणि त्या नादात सगळ्यांचे हात सगळ्या करांना वर झाले. शेवटी मी उभी राहिले आणि गाढवपट्टी रद्द करावी असं सुचवलं. तेवढा एकच ठराव त्या दिवशी न भांडता झाला. अध्यक्षांना घरी जायची घाई झाली होती. कुत्र्याची बातमी वाड्यावर त्यांच्या आधी पोचायला नको होती.

कोंडवाडा उघडला तेव्हा दाराशी सगळा परीटवाडा आणि कुंभारवाडा जमला होता. शिपायानं कडी काढली. कुणी काही विचारलं नाही. जळकोटचे पाहुणे, भूमहून परतलेले आणि दुष्काळात आटलेलं घोडं आपापल्या माणसापाशी जाऊन उभे राहिले. म्हातारीनं आपल्या गाढवाच्या तोंडावरनं पदर फिरवला, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. मग तिनं त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. "आयतं बसून खाऊन फुगलंय!"

एक गाढव मात्र तसंच मागं उरलं. ते खरोखरच कुणाचं नव्हतं. पेशकारसाहेबांनी ते टेबलं-खुर्च्यांच्या यादीत चढवलं आणि सोयीच्या बांधकामाची वाळू वाहायला लावलं.

चहा थोडा महागला. हॉटेलात कुणी कुरकुर केली की मालक म्हणत, "मला काय इचारता? बाईंना इचारा." बाजारात माझ्याकडं बोट दाखवून कुजबुज व्हायची. आमच्या यांना तर हॉटेलात मुद्दाम थोडा कमी चहा मिळायचा. पण ग्रँट आली. पावसाळा संपता संपता बाजारामागं चार संडास उभे राहिले. पुढं आडोशाची भिंत, कोपऱ्यात पाण्याचा हौद. अध्यक्षांनी फीत कापली आणि भाषण केलं. 'सोय' हा शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरला की परगावच्या पाहुण्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की उद्घाटन कशाचं आहे.

पहिल्या रविवारी मी जाऊन बघितलं, तर चारही रिकामे. दुसऱ्या रविवारी तेच. बायका आडोशापर्यंत येत, वर बघत आणि माघारी फिरत. मला काही कळेना. शेवटी परटीण म्हातारीला विचारलं, तर तिनंच उलट विचारलं,

"वर ते दगडावर कुणाचं नाव कोरलंय?"

"अध्यक्षांचं."

"मग! येवढ्या मोठ्या माणसाच्या नावाखाली आपण असल्या कामाला कसं जावं? तुमी जाताव का?"

खरं होतं. मीही गेले नसते. मी अध्यक्षांकडं गेले आणि पाटी हलवा म्हणाले. त्यांनी कारण विचारलं. मला ते कारण त्यांच्या तोंडावर सांगवेना. अखेर पेशकारसाहेबांनी एका ओळीचं टिपण ठेवलं, 'सदर पाटीमुळे सोयीस गैरसोय होत आहे.' अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं, घसा खाकरला आणि सही केली. पाटी काढून नगरपालिकेच्या दारावर बसवली.

त्या रविवारी मी आडोशाच्या बाहेर उभी राहिले. आधी परटीण म्हातारी आत गेली. मग तिच्या मागनं दोघी, मग चौघी. म्हातारी बाहेर आली, हौदावर हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल.

"तिसऱ्या दाराला आतनं कडी न्हाय," ती म्हणाली. "एका हातानं दार धरून ऱ्हावं लागतंय. बसवून घ्या."

मी तो विषय पुढच्या महिन्याच्या पत्रिकेवर दिला. कडी मंजूर व्हायला तीन सभा लागल्या.